सेल वाचवणारा माणूस

"हमीदभाऊ, जीपीएसचं कोणतं मशीन घेऊ? बॅटरी लय टिकली पाह्यजे बरं."

महिन्यातून एखाद-दोन गिऱ्हाइकं तरी हा प्रश्न घेऊन माझ्या दुकानात येतात. दुकान तसं घड्याळांचं. वाशीमला बाजाराच्या तोंडाशी, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं एवढंच. अब्बांनी ते आयुष्यभर चालवलं, आता मी चालवतो. पण माझी बावीस वर्षं या खुर्चीत गेलेली नाहीत. ती गेली जिल्ह्याच्या वावरांतून, हातात जीपीएसचं मशीन धरून. एक खासगी एजन्सी होती. विहिरी, शेततळी, बंधारे कुठे आहेत आणि नवे कुठे होऊ शकतात, ते मोजून सरकारी कामांचे कागद तयार करून द्यायची. मी तिचा मोजणीवाला. पुढे माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मीही दिला.

तर त्या प्रश्नावर मी उत्तर देत नाही, उलट विचारतो, "मशीन दिवसभर चालू ठेवणार, का मधून मधून बंद करणार?" समोरच्याला वाटतं म्हातारा थट्टा करतोय. तो हसतो आणि म्हणतो, "बंद करू ना, बॅटरी वाचवाले." मग मी त्याला स्टूल देतो आणि बसवतो. तो बसला की अर्धा तास त्याची सुटका नसते, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

मशीनची गोष्ट आधी साध्या शब्दांत सांगतो, कारण तिच्याबद्दल लोकांच्या मनात फार गैरसमज आहेत. केनवडला एकदा एक म्हातारबा माझ्यामागे दोन वावरं चालत आले. मी विहिरीचा बिंदू घेतला, मशीन खिशात टाकलं, तसे ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाप्पा, तेवढा माहा बैल पाहून दे ना वरून. परवापासून सापडून नाई राह्यला. बांडा हाय, एक शिंग वाकडं हाय." त्यांना वाटत होतं, वरून कोणीतरी बघतं आणि माझ्या मशीनला कळवतं. मी सांगितलं, "बाबा, वरचं कोणी बघत नाही. ते फक्त बोलतात, आणि हे मशीन ऐकतं." म्हातारबांनी मशीनकडे आणि मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे तुले बी काई दिसत नाई?" बैल दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मेहुण्याच्या गोठ्यात सापडला, असं नंतर कळलं. माझा त्यात काही हात नव्हता.

पण खरं तेच आहे. उपग्रह सारखे आपापली वेळ आणि जागा सांगत असतात. मशीन ते ऐकतं, कोणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून आपण कुठे आहोत ते ठरवतं. आवाज इतका बारीक असतो की कडुनिंबाच्या दाट फांदीखाली उभं राहिलं तरी निम्मे उपग्रह ऐकू येत नाहीत. मशीन नव्याने सुरू केलं, की त्याला आधी कोण कुठून बोलतंय ते हुडकावं लागतं. हे हुडकणं मोठ्या कष्टाचं. त्यात वेळ जातो, सेलही जास्त खर्च होतात. एकदा चार-सहा उपग्रह हाताला लागले की नुसतं त्यांच्यामागे राहायचं असतं, ते काम हलकं. पहिल्या मिनिटाला मशीन जी जागा दाखवतं ती अंदाजपंचे असते, पुढे पुढे सुधारत जाते. म्हणून पडद्यावर एक आकडा येतो, म्हणजे मशीनची स्वतःचीच कबुली: "मी इतके मीटर इकडेतिकडे असू शकतो." तो आकडा पाचावर आला की बिंदू घ्यायचा, असं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शिकलेलं माणूस विसरत नाही. फक्त घाई असली की बाजूला ठेवतो.

आमची जुनी मशीनं दोन पेन्सिल सेलवर चालत. नोकरीच्या सुरुवातीला केनवडच्या बाजारात सेल संपले म्हणून मी किराणा दुकानातून एक जोडी घेतली. घड्याळात घालायचे साधे सेल. घड्याळ थेंब थेंब पितं, त्याला ते वर्षभर पुरतात. मशीन घटाघटा पितं. दुसऱ्या वावरात पोचेपर्यंत मशीन मेलं आणि पंधरा शेतकरी माझी वाट बघत बांधावर बसलेले. घड्याळजीच्या पोराने घड्याळाचा सेल ओळखू नये, याचा ऑफिसात महिनाभर तमाशा झाला. मला तो झोंबला. तेव्हापासून मी सेलांच्या बाबतीत कंजूष झालो.

आमच्या भागात ही कंजुषी रक्तातच आहे. उतार लागला की मोटरसायकल बंद करून गडगडत खाली येणारी माणसं आम्ही. तसंच मी मशीनचं केलं. बिंदू घेतला की बंद, पुढच्या विहिरीवर पोचलो की चालू. बाकीचे लोक रोज एक जोडी संपवत, मी एका जोडीत दीड दिवस काढू लागलो. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "सेल कसे वापरावे ते हमीदकडून शिका." झालं. माणसाला एकदा नाव मिळालं की तो कामापेक्षा नावाला जपतो. मी नेहमी खिशात नवी जोडी ठेवत होतो, पण ती काढायची वेळ येऊ नये यातच माझी शान होती.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला, नाहीतर दिवाळी अंकात घड्याळजीचं काय काम.

मानोऱ्याच्या पुढे टेकाडांत एक तांडा आहे. दिवाळी झाली की तो जवळजवळ रिकामा होतो. माणसं साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, ऊसतोडीला. दारांना कुलपं, मागे राहतात ते म्हातारे आणि एखादं कुत्रं. होळीच्या आसपास सगळे परत येतात. तिथल्या शेवंताबाईंनी विहिरीसाठी अर्ज केला होता. जमीन होती, थोडी पण बरी, फक्त पावसावरची. विहीर झाली तर दुसरं पीक निघणार होतं आणि दुसरं पीक निघालं तर कारखान्यावर जावं लागणार नव्हतं. अट एवढीच होती, की आमच्या फॉर्मप्रमाणे शेजारच्या विहिरीपासून नवी विहीर दीडशे मीटर लांब हवी. शेजारची विहीर किसनभाऊंची. दोन्ही जागांचे बिंदू घ्यायचे आणि मधलं अंतर लिहायचं, एवढं माझं काम.

वैशाखातली दुपार. परसराम, म्हणजे शेवंताबाईंचा नवरा, कुठेतरी रस्त्याच्या कामावर गेला होता. त्या स्वतः आल्या होत्या, बरोबर मुलगी वंदना. सातवीत जाणार होती. माझ्या हातातला फॉर्म तिने मला न विचारता मोठ्याने वाचून काढला, एकही अक्षर न अडखळता.

"हुशार आहे पोरगी," मी म्हणालो.

"म्हणूनच तं इहीर पाह्यजे, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या. "दरसाल कारखान्यावर नेतो, शाळा सुटते. मंग मास्तरच्या हाता-पाया पडून पुन्हा बसवतो. आता मोठ्या वर्गात असं नाई चालत म्हणे. यंदा इहीर झाली, तं आमी जात नाई कोठी."

किसनभाऊंची विहीर मोठ्या कडुनिंबाखाली होती. मी मशीन चालू केलं. सेलची खूण लुकलुकत होती, म्हणजे शेवटचे श्वास. दुसऱ्या दिवसाची दुपार होती आणि तीच जोडी चालू होती. अजून तीन बिंदू घेतले की पूर्ण दोन दिवस एका जोडीत, असं आजवर ऑफिसात कोणी केलं नव्हतं. नवी जोडी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. पडद्यावर इकडेतिकडेचा आकडा आला अडतीस. थोडं थांबलो असतो तर उतरला असता, पण थांबता थांबता सेल गेले असते. मी बिंदू घेतला. वहीत सवयीने आकडाही लिहिला: अडतीस. आणि मशीन बंद केलं.

शेवंताबाई बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सारखं बंद-चालू काहून करता? किसनभाऊची मोटर मीच चालू करून देतो रोज. सुरू व्हतानाच ते लय करंट ओढते. एक डाव चालू झाली, का मंग गरीब गाईवानी चालते."

मी हसलो. "ताई, ही मोटर नव्हे," असं म्हणून पुढे चालू लागलो.

त्यांची जागा उघड्यावर होती. तिथे मशीनने बिंदू चांगला घेतला, आकडा सहावर आला. मग दोन बिंदूंमधलं अंतर काढलं. वंदना माझ्या खांद्याजवळून डोकावत होती, तिनेच वाचलं, "एकशे एकतीस."

"असं कसं?" शेवंताबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात एक दोराचं वेटोळं होतं, ते मी आत्तापर्यंत पाहिलंच नव्हतं. "आमी दोघीनं मोजलं ना दोरानं. साठ हाताचा दोर हाय. सहा दोर भरले."

मी काय म्हणालो ते मला शब्दनशब्द आठवतं. "दोर ढिला पडतो, ताई. आभाळातून मोजलेलं ढिलं नसतं."

शेवंताबाई दोर गुंडाळत गुंडाळत म्हणाल्या, "मशीनच म्हणते तं आमी काय बोलाव." वंदना फॉर्ममधल्या रिकाम्या चौकटीकडे बघत उभी होती. मी त्या चौकटीत लिहिलं, एकशे एकतीस.

साठ हात म्हणजे नव्वद फूट, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर. सहा दोर म्हणजे एकशे साठाच्या वर. हे गणित मला तिथेच उभ्या उभ्या करता आलं असतं. सातवीतल्या पोरीलाही आलं असतं. पण हातात मशीन असलं की डोकं वापरायची सवय जाते, आणि समोरचा माणूस दोर घेऊन आला असेल तर आणखीच जाते. अर्ज नामंजूरच्या यादीत गेला. मी संध्याकाळी ऑफिसात परत आलो तेव्हा दोन दिवस एका जोडीत काढले होते, त्याचं कौतुक झालं. दिवाळीनंतर तांड्याला कुलपं लागली.

त्याच दिवाळीनंतर एजन्सीने नवी मशीनं घ्यायची ठरवली. सेलांचा जाणकार म्हणून निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन दुकानदारांनी तीन नमुने पाठवले. एकाचा विक्रेता स्वतः आला, टाय लावून, आमच्या मार्गशीर्षातल्या उन्हातसुद्धा घामाघूम. म्हणाला, "सर, एका चार्जिंगमध्ये तीस तास."

"कुठे चालवलं तीस तास?"

"आमच्या ऑफिसमध्ये. टेबलावर, खिडकीजवळ."

"टेबल कुठे फिरत होतं का?"

त्याने मान हलवली. मी म्हणालो, "मग आमच्या कामात टेबलाला बोलवून घेऊ." बिचारा हसला. मशीन ठेवून गेला. त्याच्यावर राग नाही. तासांचे आकडे खोटे नसतात, फक्त ते ज्या दिवसाचे असतात तो दिवस आपला नसतो. आपल्या दिवसात ऊन असतं, म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा लागतो, आणि सगळ्यांत जास्त बॅटरी तोच पडदा खातो. आपल्या दिवसात झाडं असतात, टेकाडं असतात, आणि दर सेकंदाला नोंद ठेवायची सेटिंग कोणीतरी लावून विसरलेलं असतं.

मी मशीनं तपासायची माझी पद्धत काढली. दुकानाच्या गच्चीवर खडूने एक फुली मारली. तीन नवी मशीनं आणि माझं जुनं तिथे ठेवायचं, दर दहा मिनिटांनी प्रत्येकाचा बिंदू घ्यायचा. नवी तिन्ही दिवसभर चालू, जुनं माझ्या पद्धतीने बंद-चालू. जुनं का आणलं? खरं सांगतो, विक्रेत्यांना दाखवायला, की बघा, वापरणारा शहाणा असेल तर जुनंही किती टिकतं.

अब्बा तेव्हा होते. डोळ्याला भिंग लावायचं सोडलं होतं, पण दुपारी गच्चीवर उन्हाला येऊन बसायचे. तीन-चार वेळा मी मशीन सुरू केलेलं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, याची घडी हर वखत चुकीचीच सुरू होते."

मशीन सुरू झालं की कोपऱ्यात वेळ यायची, चुकीची, भलत्याच वर्षाची. उपग्रह सापडले की दुरुस्त व्हायची. मी ते रोज बघत होतो. मला कधी त्याचं काही वाटलं नाही.

अब्बांनी मशीन हातात घेतलं, मागचं झाकण चाचपलं. "याच्या आत एक बारीक सेल असंल बटनसारखा. मोठे सेल बंद केले तरी घडी चालू ठेवायले. तो मेला. म्हणून हे दरवेळी सारं विसरून जाते. तू बंद केलं, का याले काहीच याद नाही राहत."

घड्याळजीच्या पोराचा हा दुसरा तमाशा. या वेळी बघायला फक्त अब्बा होते, आणि ते हसले नाहीत.

संध्याकाळी सगळे बिंदू कागदावर उतरवले. दिवसभर चालू असलेल्या मशीनांचे बिंदू खडूच्या फुलीभोवती मुंग्यांसारखे गोळा झालेले. माझ्या जुन्याचे बाजारभर पसरलेले. त्याच्या मते मी त्या दिवशी चार वेळा समोरच्या मिठाईवाल्याच्या भट्टीत उभा होतो. सेल वाचले होते का? हो, थोडे वाचले होते. ते मी नाकारत नाही. पण दहा मिनिटांतली चार मिनिटं हुडकण्यात जात होती आणि एवढ्या कष्टाने हुडकून मिळालेली जागा भलतीच होती.

कागद बघताना मला शेवंताबाईंची मोटर आठवली. सुरू व्हतानाच लय ओढते. रोज दुसऱ्याची मोटर चालू करून देणाऱ्या बाईला जे कळलं ते मला नोकरीची निम्मी वर्षं गेल्यावर, अब्बांनी दाखवल्यावर कळलं. मग मी कपाटातून वही काढली. मानोऱ्याचं पान. किसनभाऊंची विहीर, आणि पुढे माझ्याच अक्षरात, अडतीस. मी तो आकडा पाहिला होता, लिहिला होता, आणि पुढे गेलो होतो. त्या पानाकडे बघताना मला माझी स्वतःचीच लाज वाटली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती वही उघडली की अजून वाटते.

पूर्ण वही चाळली. तिसाच्या वरचे आकडे आणखी चार ठिकाणी होते, पण तिथे अंतर भरपूर होतं, निकाल बदलत नव्हता. बदलत होता तो एकाच ठिकाणी.

साहेबांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "हमीद, यादी गेली. त्या बाईंनी तक्रारही केली नाही. आता तू उकरून काढशील तर लोक विचारतील, बाकीचे बिंदू तरी खरे कशावरून? विचार कर." मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी रविवार होता, बसने मानोऱ्याला गेलो, पुढे ऑटोने.

तांडा रिकामा होता. शेवंताबाईंच्या दाराला कुलूप, अंगणात चुलीची राख दिवाळीनंतर कोणी हलवली नसावी तशी. किसनभाऊ मात्र वावरात होते. मी नव्या मशीनांपैकी एक सकाळी वाशीमलाच चालू केलं होतं आणि बंद केलं नव्हतं. कडुनिंबाखाली पूर्ण दहा मिनिटं उभा राहिलो. आकडा चारवर आला. मग शेवंताबाईंच्या जागेवर दहा मिनिटं. अंतर आलं एकशे त्रेसष्ट. माझा स्वतःवरचा विश्वास उडालेला, म्हणून टेपही आणली होती. किसनभाऊंनी एक टोक धरलं. टेपनेही तेच सांगितलं.

किसनभाऊ टेप सोडत म्हणाले, "तेच तं म्हणत व्हती ते. सहा दोर, सहा दोर. कारखान्यावर जाईपर्यंत म्हणत व्हती. आमीच म्हटलं, मशीनपुढं कोनाचं चालते?"

मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. त्यात मशीनचा दोष असं लिहिता आलं असतं, बटणसेल मेलेला होताच. साहेबांनी सुचवलंही. पण मशीनने तर खरं सांगितलं होतं, की मी अडतीस मीटर चुकू शकतो. न ऐकणारा मी होतो. मी लिहिलं, चूक मोजणाऱ्याची. साहेबांनी तीन दिवस पत्र टेबलावर ठेवलं आणि मग सही केली. ऑफिसात पुढे "हमीदसारखे सेल वाचवू नका" असं म्हणायची पद्धत पडली. ती मी हसून सोसली, कारण म्हणणारे खरं तेच म्हणत होते.

मशीन कोणतं निवडलं? सगळ्यांत जड आणि दिसायला सगळ्यांत गावंढळ. तीस तासवाल्याची बॅटरी आतच बसवलेली होती. ती दुपारी संपली, तर तांड्यावर दिवसा लाईट कुठून आणणार? जडवालं पेन्सिल सेलवर चालायचं, सेल संपले की मिनिटात बदलून पुढे. त्याचं हुडकणं झटपट होतं आणि एकदा उपग्रह धरले की कमी खायचं. टिकण्याचे तास कागदावर कमी, पण ते तास वापरता येणारे होते. मी सगळ्यांना तीन गोष्टी सांगितल्या. सकाळी चालू केलेलं मशीन संध्याकाळीच बंद करा. वाचवायचंच असेल तर पडद्याचा उजेड कमी करा, सावलीत बघा. आणि नवे सेल डाव्या खिशात, वापरलेले उजव्या खिशात, नाहीतर माणूस मेलेले सेलच पुन्हा घालून मशीनला शिव्या देतो.

आजकाल लोक मोबाईलवरच हे काम करतात. गेल्या महिन्यात एक कृषी सहायक ताई दुपारी एकला दुकानात आल्या, मोबाईल पार मेलेला. मी चार्जिंगला लावून दिला आणि तीच गोष्ट सांगितली. मोबाईलला तर उपग्रहांशिवाय टॉवरही हुडकायचा असतो. टेकाडात टॉवर नाही, तरी तो दिवसभर हाका मारत राहतो. नकाशा आधी उतरवून घ्या, टॉवरचं हुडकणं बंद करा, जीपीएस चालू राहू द्या, सकाळचा फोन संध्याकाळपर्यंत जाईल. त्या म्हणाल्या, "काका, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मला कोणी सांगितलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

शेवंताबाईंची विहीर मंजूर झाली. पण यादी उघडली ती पुढच्या वर्षी, आणि खोदकाम झालं त्याच्या पुढच्या. पूर्ण झालेल्या विहिरीचा बिंदू आणि फोटो घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मुद्दाम मागून घेतलं. गेलो तो दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. तांड्यात निम्म्या दारांना कुलपं होती. त्यांचं दार उघडं होतं. दारात झेंडूचं वाळलेलं तोरण तसंच होतं आणि मागच्या वावरात हरभरा नुकता वर आलेला होता.

विहिरीवर मी दहा मिनिटं मशीन धरून उभा राहिलो. शेवंताबाई बाजूला बसून बघत होत्या. मोटर वंदनाने चालू केली. उंच झाली होती, ओढणी कमरेला खोचलेली, हातांवर उसाच्या पानांचे चरे.

"आता कितवीला?" मी विचारलं.

"सोडली शाळा," शेवंताबाई म्हणाल्या. वंदना पाईप सरळ करत होती, तिने वर पाहिलं नाही. "दोन साल संगं नेली ना कारखान्यावर. आता लहान पोराईसंगं बसाले लाजते ते."

मोटर एकसारखी चालत होती. दोन वर्षं कोणामुळे गेली हे त्यांना माहीत नव्हतं. पुन्हा मोजलं ते किसनभाऊंनी सांगितलं होतं, पण त्यांना वाटत होतं जुनं मशीनच बिघडलेलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. दोर खरा होता, ताई. मशीनचं मी ऐकलं नाही.

मग माझीच अडचण दूर करावी तसं त्यांनी विचारलं, "त्या दिशी तुमचे सेल सरले असतीन, नाई का?"

हो म्हणायला सोपं होतं. त्यांनी वाट करून दिली होती.

"नाही," मी म्हणालो. "नवी जोडी खिशात होती."

त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मंग घालाचे होते ना, भाऊ," एवढंच म्हणाल्या, आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.